रानफळं खाताय, औषधाला वापरताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या आगेमागे बालाघाटातल्या रस्त्यांवर सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात, तेव्हा आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी हिरवीगार, दगडासारखी फळं घेऊन येतं. आठ दिवस आढीत घालूनही ती पिकत नाहीत, काळी पडतात. रानमेव्यातला घोळ बहुतेक दोनच ठिकाणी होतो: कच्चं की पिकलं, आणि गर की बी.

डोळे न बघता सीताफळ घेणं

डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर पांढऱ्या झाल्या, म्हणजे डोळे उकलले. तेच फळ घ्यावं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण डोळे मिटलेलंच तोडलं तर मानांकन काय करणार?

सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावणं

उवांवरचा हा जुना उपाय. पण किडे मारणारं हे विष डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. आग, लाली, पाणी, उजेड सहन न होणं. न्हाताना ओघळ कपाळावरून उतरतो आणि तिथंच घात होतो. गेलंच डोळ्यात, तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उवांसाठी औषधाच्या दुकानात लोशन मिळतं, बारीक दातांची फणी मिळते. बिया उकिरड्यावर टाका.

जुलाबाला पिकलं बेलफळ

ही चूक शिकल्यासवरल्या घरांतही होते. जुलाबाला कच्च्या बेलाचा गर कापून, वाळवून ठेवतात. पिकलेल्या बेलाचं सरबत पोट साफ करतं. म्हणजे नेमकं उलट! पोराला जुलाब लागले असतील तर आधी मीठ-साखरेचं पाणी सुरू करा, बेलाचं मागाहून बघू.

बिब्बा हातानं फोडणं

बिब्ब्याचं देठाकडचं नारिंगी फूल वाळवून खातात, आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात पडते. मधल्या काळ्या टरफलातलं तेल मात्र कातडी भाजून काढतं. माझी आजी बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरायची आणि तेलाचा एकच ठिपका टाचेच्या भेगेला लावायची. तिचं बघून मी एकदा दगडानं बिब्बा ठेचला आणि त्याच हातानं तोंड पुसलं. सकाळी पापण्या उघडेनात. बिब्बा उतला की आजी खोबरेल चोपडायची, पण त्याआधी साबण-पाण्यानं धुणं महत्त्वाचं. तोंड, डोळे सुजले तर घरगुती उपाय थांबवा. कुणाला तो लगेच उततो, कुणाला नाही. शेजारणीला चालला म्हणून तुम्हाला चालेल असं नाही.

जांभळाच्या बियांवर विसंबून मधुमेहाची गोळी सोडणं

सोडू नका. एवढंच.

पोरांना न ओळखलेल्या बिया खाऊ देणं

बांधाच्या कुंपणाला मोगली एरंड असतो. बी फोडलं की आत शेंगदाण्यासारखी चव. चारोळी शोधायला निघालेली पोरं हीच खातात आणि थोड्याच वेळात उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. मीठाचं पाणी पाजून ओकवू नका. उरलेलं बी खिशात टाका आणि दवाखाना गाठा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

कवठ हिरवंच फोडणं

महाशिवरात्रीच्या बाजारात घाई होते. हातभर उंचीवरून फरशीवर टाका: टणकन उसळलं तर कच्चं, बदकन बसलं तर गूळ-मिरची काढा.