मागचा दिवा लुकलुकता की स्थिर?

सायकलचा मागचा दिवा मी सात वर्षं लुकलुकता ठेवला. छापखान्यातली रात्रपाळी संपवून घरी निघालो की तो जितकी जोरात उघडझाप करेल तितका मला धीर वाटायचा. एका रात्री मेव्हण्याच्या गाडीत त्याच्या शेजारी बसलो होतो आणि समोर तसाच लाल ठिपका दिसला. सायकल आहे हे दोघांनाही लगेच कळलं. ती किती लांब आहे हे मात्र एकालाही सांगता येईना. मी म्हणालो शंभर पावलं. निघाली तीसेक.

कारण सोपं आहे. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. दिवा अर्धा सेकंद विझला तर तेवढ्यात ७ मीटर गेले, आणि पुन्हा पेटल्यावर डोळ्यांनी तो नव्याने शोधायचा. लुकलुकता दिवा लक्ष वेधतो, पण अंतर आणि वेग यांचा अंदाज बांधायला डोळ्यांना सलग प्रकाश लागतो.

म्हणून आता मी दिवस आणि रात्र वेगळी धरतो.

दिवसा पुढे-मागे दोन्ही दिवे लुकलुकते. उन्हात स्थिर दिवा हरवून जातो, आणि सायकल नुसत्या डोळ्यांनीही दिसत असल्यामुळे अंतराचा प्रश्न येत नाही. दिवसा दिवा कशाला, असं हसणारे भेटतात. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर चाचणी झाली होती. ज्यांच्या सायकलींना कायम चालू राहणारे दिवे बसवले, त्यांच्यात इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं.

रात्री मागे स्थिर लाल दिवा, सीटखालच्या दांडीवर, जमिनीला समांतर. दुसरा दिवा असेल तर तो मंद आणि लुकलुकता, हेल्मेटला किंवा कॅरियरला. लुकलुकता नजर वेधतो, स्थिर जागा सांगतो. एकच दिवा असेल तर तो स्थिरच ठेवा. काही दिव्यांत एक मोड असतो, त्यात दिवा पूर्ण विझत नाही, मंद होऊन पुन्हा उजळतो. तो चालेल. गटाने जात असाल तर मागच्याच्या डोळ्यांवर दया करा आणि लुकलुक बंद ठेवा.

पुढचा पांढरा दिवा अंधारात कधीही लुकलुकता नको. तुम्हालाच खड्डा तुकड्यातुकड्यांत दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्याचा कोन नीट लावायला दहा मिनिटं द्या. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा, दिवा लावा आणि जमिनीपासून दिव्याची उंची मोजा. झोताचा सर्वांत उजळ भाग भिंतीवर त्याच्या निम्म्या उंचीवर पडायला हवा. म्हणजे दिवा ९० सेंटिमीटरवर असेल तर झोत ४५ वर. मग तो रस्त्यावर १० मीटर पुढे पडतो. वेगात चालवणाऱ्यांनी थोडा वर घ्यावा, पण दिव्याच्या उंचीच्या वर झोत कधीच जाऊ देऊ नये.

आपल्याकडचा नियमही बघून घ्या. जर्मनीत सायकलवर लुकलुकते दिवे चालत नाहीत. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतात, पण मिनिटाला ६० ते २४० वेळाच. त्याहून वेगाने फडफडणारा मोड मी तरी वापरत नाही. फार वेगाच्या उघडझापीने काहींना फिट येऊ शकते.

खरं सांगायचं तर मी लुकलुक ठेवायचो ती बॅटरी वाचवायला. त्यावर उपाय म्हणजे स्थिर, पण कमी उजेडाचा मोड. रात्री तो पुरतो. अर्ध्या वाटेत बॅटरी संपायला आली तर मात्र खुशाल लुकलुकता करा. विझलेल्यापेक्षा तो बरा.

निघण्याआधी एकदा कुणाला तरी सायकलवर बसवा आणि पन्नास पावलं मागे जाऊन बघा. माझ्या जॅकेटची मागची बाजू दिव्यावर लोंबत होती. किती दिवस, देव जाणे.

आणि घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधा. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात रात्री बंद रस्त्यावर चालकांना सायकलस्वार ओळखायला लावलं होतं. गुडघ्या-घोट्यांवर पट्ट्या असलेला सायकलस्वार त्यांनी जास्त वेळा ओळखला. दिवा स्थिर की लुकलुकता याने तिथे फरक पडला नाही. वर-खाली होणारे दोन ठिपके पाहून माणूस पायडल मारतोय हे डोळ्यांना चटकन कळतं. दोन्ही पायांना बांधा, पँटच्या वरून. उजव्या पायाची पँट चेनमध्ये अडकत नाही, हा वरचा फायदा.