लॅटिनो स्थलांतरित पेशंटची पहिली भेट: काय विचारायचं, कसं विचारायचं

अमेरिकेतल्या दवाखान्यांत आणि शाळांत समुपदेशन किंवा मानसोपचाराचं काम करणारी मराठी माणसं आता कमी नाहीत. त्यांच्या समोरच्या खुर्चीत अनेकदा मेक्सिको, होंडुरास किंवा ग्वाटेमालाहून आलेलं कोणीतरी बसलेलं असतं. हे टिपण त्यांच्यासाठी आहे, आणि फक्त पहिल्या एक-दोन भेटींबद्दल आहे, कारण पेशंट परत येणार की नाही हे तिथेच ठरतं. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: निदानाचं नाव कागदावर येण्याआधी पेशंटने स्वतःच्या त्रासाला दिलेलं नाव कागदावर आलं पाहिजे, आणि तेही त्याच्याच शब्दांत.

तयारी वेळ देताना फोनवरच सुरू होते. ‘लॅटिनो’ या एका शब्दाखाली 2020 च्या जनगणनेत अमेरिकेतले सहा कोटींहून जास्त लोक मोजले गेले. त्यांतले प्वेर्तो रिकोचे लोक तर 1917 पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत, म्हणजे व्हिसा-कागदपत्रांची भीती त्यांना लागू नाही. म्हणून देश विचारा आणि भाषाही विचारा. ‘स्पॅनिश येतं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘सी’, म्हणजे ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी ‘घरी आईशी कोणत्या भाषेत बोलता?’ असं विचारा. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या माणसाची भाषा माम, किचे किंवा कान्होबाल असू शकते, आणि मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून आलेल्याची मिश्तेक किंवा सापोतेक. मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला नुसतं ‘सी, सी’ येत असेल तर पेशंट लाजाळू आहे असं समजू नका. बऱ्याचदा त्याला स्पॅनिशच नीट कळत नसतं.

नावाकडेही लक्ष द्या. स्पॅनिश पद्धतीत आडनावं दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. संगणकात शेवटचं तेवढं आडनाव म्हणून पडतं आणि पुढच्या भेटीला त्याच माणसाची दुसरी फाइल उघडते. आपल्या मधल्या नावाचा घोळ ज्यांनी तिथे निस्तरला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. दोन्ही आडनावं एकत्र टाका आणि जन्मतारीख ताडून पाहा.

दुभाषा

केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्याने दुभाषा मोफत दिला पाहिजे, असा कायदा आहे. 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आणि 2010 च्या आरोग्यविमा कायद्याचं (अफोर्डेबल केअर ॲक्ट) कलम 1557 हे त्याचे आधार. लहान मुलाकडून दुभाष्याचं काम करून घेणं आणीबाणी सोडून चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी दहा वर्षांच्या मुलीसमोर आई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल किंवा मरण्याच्या विचारांबद्दल बोलणार नाही, आणि बोललीच तर त्या मुलीच्या मनावर ते ओझं कायमचं बसेल.

दुभाष्याबरोबर आधी पाच मिनिटं स्वतंत्र बसा. आज आत्महत्येबद्दल विचारणार आहोत, शब्द गुळगुळीत करू नका, पेशंट ‘मी’ म्हणाला तर तुम्हीही ‘मी’च म्हणा, हे सांगून ठेवा. त्याची खुर्ची पेशंटच्या शेजारी, किंचित मागे ठेवा, म्हणजे तुमची नजर पेशंटवर राहील. एका वेळी एक-दोन वाक्यं बोला आणि भेटीला दुप्पट वेळ धरा. एखादा शब्द संशयास्पद वाटला तर मूळ स्पॅनिश शब्द विचारून तोच लिहून ठेवा. 1980 मध्ये फ्लोरिडात एका 18 वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ म्हटलं होतं. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यात काहीतरी बाधलं. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ अमली पदार्थांचं अतिसेवन असा घेतला. मेंदूतला रक्तस्राव वेळेवर सापडला नाही आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे झाले.

तुम्हाला थोडं स्पॅनिश येत असेल तर मोठ्यांना ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणा. ‘तू’ हा शब्द तिकडेही ‘तू’च आहे, आणि पहिल्या भेटीत वडीलधाऱ्याला तो तसाच लागतो.

त्रासाचं नाव

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तिकेत, 16 प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. सोळाही प्रश्न विचारायला वेळ नसेल तर निदान तीन विचारा: घरच्यांना हा त्रास सांगताना तुम्ही त्याला काय म्हणता? तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? घरच्यांना काय वाटतं? पहिला प्रश्न स्पॅनिशमध्ये साधारण असा होतो: ‘एन सू कासा, कोमो ले यामान आ एस्तो के ले पासा?’ विचारल्यावर थांबा. दहा सेकंदांची शांतता मोडू नका.

उत्तरात तीन शब्द वारंवार येतात.

‘नेर्विओस’ म्हणजे नसा, पण बोलण्यात त्याचा अर्थ चिंता, डोकेदुखी, चिडचिड, पोटातली कालवाकालव आणि झोप न लागणं असा सगळा मिळून होतो. हा आजार म्हणून एका चौकटीत बसत नाही. किती वर्षं आहे आणि कशाने वाढतो ते विचारा.

‘आताके दे नेर्विओस’ हा झटका असतो: रडणं, किंचाळणं, थरथरणं, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता, कधी शुद्ध हरपणं. पॅनिक अटॅक म्हणून त्याची नोंद करण्याची घाई होते आणि चूक इथेच होते. पॅनिक अटॅक अनेकदा काही निमित्त नसताना येतो आणि त्यात तीव्र भीती मुख्य असते. आताकेला बहुधा निमित्त असतं, मृत्यूची बातमी किंवा घरातलं भांडण, आणि भीती असेलच असं नाही. म्हणून ‘झटक्याच्या आधी घरात काय घडलं?’ हे विचारल्याशिवाय निदान लिहू नका. अपस्मार आणि हृदयविकार मात्र आधी तपासून घ्या.

‘सुस्तो’ समजायला मराठी माणसाला फार वेळ लागू नये. आपण ‘धसका घेतला’ म्हणतो, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. मोठ्या भीतीने आत्मा शरीर सोडून गेला, म्हणून भूक गेली, झोप गेली, अंगात त्राण नाही. धक्का आणि लक्षणं यांत दिवसांचं किंवा वर्षांचंही अंतर असू शकतं. कोलंबिया-पनामाच्या सीमेवरचं दारिएनचं जंगल पायी ओलांडून आलेला माणूस ‘सुस्तो’ म्हणाला, तर आघातोत्तर ताणाची तपासणी कराच. पण प्रवासात नेमकं काय झालं हे पहिल्याच दिवशी खोदू नका. आज तो सुरक्षित आहे का, जेवतो का, झोपतो का, एवढं पुरे.

त्याच डीएसएमच्या यादीत आपल्याकडचा धात सिंड्रोमही आहे, म्हणजे वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो ही धास्ती. ‘हे तर आपल्यासारखंच’ असं वाटून पुढचा प्रश्न गिळण्याचा मोह होतो. तो टाळा. साम्य ओळख वाढवायला वापरा, उत्तर गृहीत धरायला नाही.

मृत आई रात्री नावाने हाक मारते, असंही कोणी सांगेल. एवढ्यावरून सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, असं लिहू नका. त्या हाकेने धीर येतो की ती आज्ञा देते, घरच्यांना ते विचित्र वाटतं का, रोजची कामं सुटली आहेत का, हे बघा.

प्रश्नावली आणि कागद

पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, मोठ्याने वाचून दाखवा. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हा पर्याय कमी शिकलेल्यांना गोंधळात टाकतो. मागच्या 14 दिवसांचं कॅलेंडर समोर ठेवून त्यावर खुणा करायला सांगा आणि मोजा. झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांतच 9 गुण जमू शकतात आणि पुढच्या तपासणीची नेहमीची रेषा 10 वर आहे. म्हणून छपराच्या कामावर किंवा रात्रपाळीला जाणाऱ्याचे गुण कामाच्या वेळा विचारून वाचा. नववा प्रश्न मरण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि त्याला धार्मिक माणूस चटकन ‘नाही’ म्हणतो. ‘झोपताना देवाकडे मागता का, उद्या जाग येऊ नये म्हणून?’ असं विचारा आणि त्यानंतर थेटही विचारा. 988 या आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनवर फोन करून 2 दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलता येतं, हे कार्डावर लिहून द्या.

स्थलांतराचा कायदेशीर दर्जा नोंदींत लिहू नका. उपचाराला त्याची गरज नसते, आणि फाइल उद्या कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. ‘घर सोडून जावं लागेल अशी काळजी वाटते’ एवढं पुरतं. जानेवारी 2025 मध्ये इस्पितळं आणि शाळांभोवती स्थलांतरितांना पकडण्याच्या कारवाईवरची जुनी मर्यादा सरकारने उठवल्यापासून ही भीती दारापर्यंत आली आहे. नोंदीत काय लिहिता आणि काय लिहीत नाही, हे पेशंटला पहिल्या पाच मिनिटांतच सांगा.

औषध देण्याआधी घरगुती उपाय विचारा, आणि रागवण्याचा सूर लागू देऊ नका. लिंडनच्या फुलांचा काढा, स्पॅनिशमध्ये ‘ते दे तिला’, सहसा चालून जातो. ‘येर्बा दे सान हुआन’ (सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती) मात्र नैराश्याच्या गोळ्यांबरोबर धोकादायक आहे. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन अति वाढतं आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणामही घटतो. कुरान्देरोकडे, म्हणजे त्यांच्या वैदूकडे, जाऊ नका असं म्हणू नका. तिथे पोटात काय घेतलं तेवढं विचारा. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी गोळी बंद होते.

गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल स्पॅनिशमध्ये छापून मागा. इंग्रजीत ‘एकदा’साठी जो ‘वन्स’ शब्द आहे, त्याच अक्षरांचा स्पॅनिशमध्ये उच्चार ‘ओन्से’ आणि अर्थ अकरा. लेबलवर पेनाने ‘1’ लिहा, शेजारी सूर्य किंवा चंद्र काढा, आणि पेशंटकडून परत म्हणवून घ्या.

निरोपासाठी कोणता नंबर चालेल आणि तो फोन घरात आणखी कोण उचलतं, हे निघताना विचारा. ‘एल के दिरान’, म्हणजे लोक काय म्हणतील, ही धास्ती तिकडेही तितकीच आहे. निरोपात दवाखान्याच्या विभागाचं नाव घेऊ नका. तुमचं नाव, वार आणि वेळ सांगा.