सरकारी पोर्टलच्या कामात येताय? आधी अधिनियम उघडा

खासगी कंपनीतून सरकारी प्रकल्पावर आलेला माणूस हमखास विचारतो, "हे एका क्लिकवर का होत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा सर्व्हरपेक्षा एखाद्या कलमात सापडतं.

फेरफारच, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलणंच, घ्या. जमीन विकली, दस्त नोंदला, मग सातबाऱ्यावर नाव लगेच का चढू नये? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ नुसार दस्ताची खबर नोंदणी कार्यालयानेच महसुलाला द्यायची असते. ई-फेरफार या संगणक प्रणालीत ही खबर ऑनलाइन जाऊ लागली आणि खातेदाराचा एक हेलपाटा वाचला. पुढे कलम १५० लागतं. तलाठ्याने नोंद धरायची, चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस काढायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये (वादग्रस्त प्रकरणांची नोंदवही), नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. एकदा प्रमाणित झाली की कलम १५७ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ती खरी धरली जाते. वारसांच्या फेरफारात जिचं नाव वगळलं गेलं त्या बहिणीला नोंद प्रमाणित होण्याआधी बोलायला जागा आहे ती या पंधरा दिवसांत. त्यामुळे मुदत छाटायच्या सूचना घेऊन जाऊ नका. नोटीस खरोखर कुणाला पोचली हे दाखवणारा स्क्रीन मागा. सुधारायला वाव तिथे भरपूर आहे.

या कामाने मला एक सवय लावली. आराखड्यातल्या प्रत्येक बटणासमोर मी कलम लिहितो. 'मंजूर' हे बटण कुणाच्या लॉगिनला द्यायचं, हे कायद्याने अधिकार कुणाला दिलाय त्यावर ठरतं. साहेबांनी दुसऱ्याला सांगितलं असेल तर लेखी आदेश बघायचा. आणि बैठकीत "जीआर आहे" असं कुणी म्हटलं की चर्चा संपते, ती संपू देऊ नका. शासन निर्णय अधिनियमाला किंवा नियमांना छेद देऊ शकत नाही, परिपत्रक तर नाहीच.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळापासून वाचा, कारण त्यातून थेट स्क्रीन निघतात. अर्जाची पोचपावती, सेवेची मुदत, पदनिर्देशित (त्या सेवेसाठी नेमलेला) अधिकारी, नाकारल्यास लेखी कारण, प्रथम आणि द्वितीय अपील, त्यावर आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे, आणि म्हणूनच (हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत) मुदतीचं घड्याळ थांबवायला 'त्रुटी' (अर्जात काही कमी आहे असं कळवणं) हा पर्याय फार आवडता असतो. आज एक कागद, पुढच्या आठवड्यात दुसरा. सगळ्या त्रुटी एकाच वेळी नोंदवाव्या लागतील अशी रचना करा. विरोध होईल, तरी करा.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ आणि ५ मुळे इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि सही यांना मान्यता मिळते, हे सगळ्यांना पाठ असतं. कलम ९ कुणी वाचत नाही: अमुक खात्याने कागदपत्र इलेक्ट्रॉनिक रूपात घ्यावं असा आग्रह कलम ६, ७ आणि ८ च्या जोरावर धरता येत नाही. शिवाय पहिल्या अनुसूचीतले दस्तऐवज, उदाहरणार्थ मृत्युपत्र, या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहेत.

आधारचा रकाना तांबड्या फुलीने सक्तीचा करण्याआधी थांबा. आधार अधिनियम, २०१६ चं कलम ७ एकत्रित निधीतून (सरकारच्या मुख्य तिजोरीतून) खर्च होणाऱ्या लाभांपुरतं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालानंतर "असू द्या, कामाला येईल" हे कारण चालत नाही. ज्यांना आधार क्रमांक मिळालेला नाही त्यांच्यासाठी पर्यायी ओळखीचा मार्गही त्याच कलमात आहे, तेव्हा तोही स्क्रीनवर हवा.

वाचायला सुरुवात करताना नियमांच्या शेवटचे नमुने आधी बघा. जुन्या कागदी अर्जातला प्रत्येक रकाना तिथे शोधा. सापडला नाही तर तो कशाला हवा हे खात्याला विचारा, आणि "पहिल्यापासून आहे" असं उत्तर आलं तर काढून टाकायचा प्रस्ताव लेखी द्या. तोंडी सांगितलेलं फाइलवर येत नाही.