पीसीआर किट तपासताय? २० पैकी २० पॉझिटिव्ह आले तर थांबा

फूड मायक्रोबायोलॉजीत नव्याने लागलेल्यांच्या वाट्याला हल्ली हे काम लवकरच येतं: साल्मोनेलाचं पीसीआर किट (जीवाणूचा डीएनए शोधणारं) घ्यायचंय, आपल्याकडे चालतं का बघा. आयएसओ ६५७९-१ च्या कल्चर पद्धतीत, म्हणजे जीवाणू वाढवून बघायच्या पद्धतीत, निगेटिव्ह म्हणायलाही तीनेक दिवस जातात, किट दुसऱ्या दिवशी निकाल देतं. त्यामुळे वरून घाई असतेच. बीपीडब्ल्यू हा ब्रॉथ, एक्सएलडी ही साल्मोनेलाची प्लेट आणि पीसीआरचा सीटी आकडा तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

जीव ओतायचा तो स्पायकिंगच्या पातळीवर, म्हणजे नमुन्यात मुद्दाम किती जीवाणू घालायचे त्यावर. मी कामाला लागले तेव्हा आमच्या लॅबमध्ये मिरचीपुडीच्या सगळ्या स्पाइक केलेल्या पिशव्या पॉझिटिव्ह आल्या होत्या. आलेख सुरेख, सगळे खूश. ऑडिटरने वही उघडली आणि निकाल सोडून थेट प्लेट काउंटच्या रकान्यावर बोट ठेवलं. पिशवीमागे शंभरेक पेशी! सगळं काम पुन्हा करावं लागलं. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

हे नीट समजून घ्या. रात्रभर वाढवलेल्या ब्रॉथमध्ये मिलिलिटरला साधारण १०० कोटी पेशी असतात. दहापट डायल्युशन सहा वेळा करून ०.१ मिली घातलं तरी पिशवीत शंभर पेशी जातात. एफएसएसएआयचा निकष मात्र मसाल्याच्या २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला मुळीच नसावा असा आहे. म्हणजे किटची परीक्षा एखाद-दुसऱ्या पेशीवर व्हायला हवी. आता पिशवीमागे सरासरी एक पेशी घातली म्हणून प्रत्येक पिशवीत एक जात नाही. पॉयसनच्या (संख्याशास्त्रातल्या) हिशेबाने सुमारे ३७ टक्के पिशव्या रिकाम्याच राहतात. २० पैकी सातेक निगेटिव्ह येणारच, कल्चरमध्येसुद्धा. पद्धती प्रमाणित करणाऱ्या एओएसी या संस्थेच्या आखणीत कमी पातळीच्या २० नमुन्यांपैकी २५ ते ७५ टक्के, म्हणजे ५ ते १५, पॉझिटिव्ह यावेत असं म्हणतात ते यासाठीच. किट कल्चरच्या मागे पडतं का, हे त्याच पट्ट्यात दिसतं. सगळे आले तर पातळी जास्त झाली, एवढंच कळलं. किटबद्दल काहीच नाही.

पहिल्या फेरीत हा पट्टा सहसा साधत नाही. त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो, घाबरू नका.

पण ताज्या कल्चरवर भागवू नका. मसाल्यात सुकून पडलेली पेशी आधी सावरते, मग वाढते. किटचा एनरिचमेंटचा (ब्रॉथमध्ये वाढवायचा) वेळ कमी असेल तर नेमकी तीच निसटते. म्हणून कोरड्या नमुन्यात जीवाणू घालून दोन आठवडे खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि तपासणीच्या दिवशी एमपीएनने (अनेक नळ्यांतल्या पॉझिटिव्हवरून काढलेल्या अंदाजाने) पातळी पुन्हा मोजायची. हे दोन आठवडे वाचवायचे सल्ले खूप मिळतील. ऐकू नका.

लवंग-दालचिनीचं वेगळंच. त्यांच्यातली तेलं साल्मोनेलाची वाढच दाबतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएच्या बॅम या तपासणी-पुस्तिकेत दालचिनीला १:१००, लवंगेला १:१००० असं नमुना-ब्रॉथचं प्रमाण आहे. २५ ग्रॅम लवंगेला २५ लिटर ब्रॉथ! किटचं पत्रक १:१० म्हणत असेल तर त्यांच्या प्रमाणपत्राच्या व्याप्तीत मसाले आहेत का, ते आधी वाचा. नसतील तर आयएसओ १६१४०-३ ची पडताळणी (आधीच प्रमाणित किट आपल्या लॅबमध्ये चालतं का एवढंच बघणारी) तुम्हाला पुरणार नाही, मसाल्यांपुरतं व्हॅलिडेशनच लागेल.

माझं स्पष्ट मत: कंपनीच्या माणसाकडून मशीन शिका, पण डेमोचा नमुना त्याला निवडू देऊ नका. खरा गुरू म्हणजे लॅबमधला तो जुना टेक्निशियन, जो एक्सएलडीवरच्या काळ्या ठिपक्यांतला प्रोटियस नजरेने ओळखतो. किट आणि कल्चर जुळेनासे झाले की तोच कामाला येतो.

म्हणून पॉझिटिव्ह आलेला ब्रॉथ, कॉलनी हाती येईपर्यंत, फेकायचा नाही. मेलेल्या पेशींचा डीएनएसुद्धा पीसीआरला दिसतो. आणि निगेटिव्ह आला तर आधी इंटर्नल कंट्रोल (पीसीआर चाललं का हे दाखवणारा, किटमध्येच घातलेला डीएनए) बघा. तोही वाढला नसेल तर 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, डीएनए १:१० डायल्यूट करून पुन्हा चालवायचं.