कोकणातली पहाटेची थंडी: तयारी दुपारी तीनला सुरू करा

लडाखमधल्या द्रासला पारा शून्याखाली वीस अंश उतरतो. दापोलीत तो दहावर आला की लगेच पेपरात बातमी येते आणि घाटावरचे पाहुणे हसतात. हसू देत. हवामान खात्याचा हिशेबसुद्धा किनाऱ्यासाठी वेगळाच आहे. थंडीची लाट म्हणायला मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यावं लागतं, किनाऱ्यावर १५ अंशही पुरतात. मात्र दोन्हीकडे ते सहसा नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं हवं. आपलं घर, आपले कपडे, आपलं अंग, सगळंच उकाड्याला आणि पावसाला सरावलेलं. त्यात लोकरीचं काही शोधायला गेलं तर ट्रंकेच्या तळाशी एखादी माकडटोपी सापडते.

आमच्याकडे थंडी मोजायला खोबरेलाची बाटली असते. साधारण २४ अंशांच्या खाली तेल थिजतं. सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, दुपारी तेच तेल पातळ. दिवसा खारे वारे आणि कडक ऊन. रात्री आभाळ निरभ्र असल्यामुळे जमीन झपाट्याने निवते आणि मतलई वारे गार हवा घेऊन समुद्राकडे निघतात. एकाच दिवसात दोन ऋतू. म्हणून पहाटे चारला कुडकुडत उठून कपाट उपसण्यात अर्थ नसतो. ऊब दुपारीच गोळा करून ठेवायची.

दुपारी तीन ते पाच

गोधड्या, चादरी, उशा खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हात टाका. खरी मेख त्या आत आणण्याच्या वेळेत आहे. साडेचारच्या सुमारास, अजून हाताला गरम लागत असतानाच उचला आणि घट्ट घडी घालून ठेवा. तिन्हीसांजेपर्यंत बाहेर राहिल्या तर दंव ओढून घेतात आणि रात्रभर ओलसर गार लागतात. वाळत घातलेल्या कपड्यांचंही तेच.

ज्या बाजूने ऊन येतं तिकडच्या खिडक्या दुपारभर उघड्या ठेवा आणि पाचला लावून घ्या. स्लॅबच्या घरात एवढं पुरतं. कौलारू घरात पुरत नाही, कारण गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. त्यावर आमच्या घरचा उपाय म्हणजे मच्छरदाणी. डास असोत नसोत, ती लावायची आणि तिच्या फक्त छतावर जुनं लुगडं पसरायचं. बाजू मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे श्वासाला हवा मिळते आणि वरून उतरणारा गारठा अडतो.

अंथरूण आधी, पांघरूण मग

जवळजवळ सगळे इथेच चुकतात. थंडी वाजली की वर दुसरी चादर घेतात, तिसरी घेतात, आणि खाली मात्र कोब्यावर एक चटई. कोबा असो की लादी, जमीन अंगातली ऊब रात्रभर शोषत राहते. वर दोन पांघरुणं असतील तर त्यातलं एक खाली घाला. त्याच्याही खाली कोरडी गोणपाटं पसरलीत तर उत्तमच.

पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवायला हरकत नाही. पण मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला ती देऊ नका. कातडी भाजली तरी त्याला कळत नाही. लहान मुलाला डोक्यावरून पांघरूण नको, अंगात एक जास्तीचा कपडा घाला.

टाचांच्या भेगांना मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल. तो गोळा दगडासारखा कडक असतो, म्हणून पळीत घेऊन दिव्यावर वितळवा, कोमट झालं की धुऊन पुसलेल्या टाचांवर चोळा आणि वर सुती मोजे चढवा. बाजारातली महागडी मलमं आमच्या आईने कधी जुमानली नाहीत, आणि तिच्या टाचा बघून मीही वाद घालत नाही.

शेकोटी बाहेर, कायम बाहेर

पातेरा, नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं, जळण वाडीत हवं तेवढं मिळतं. जागा झाडून मातीची करा, शेजारी पाण्याची बादली ठेवा, आणि निजायला जाताना राख पाणी मारून विझवा. आंबा-काजूच्या बागेत सुकलेलं गवत एका ठिणगीने पेटतं. निखाऱ्यांची शेगडी घेऊन बंद खोलीत मात्र झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तिथली खिडकीही उघडीच हवी.

थंडी घालवायला ‘थोडी घ्यावी’ म्हणणारे मित्र प्रत्येक गावात असतात. दारूने कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, आणि अंगातली खरी ऊब बाहेर निघून जाते.

आंघोळ आणि पहाटेची वाट

टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं असतं. विहिरीचं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं, म्हणून पहाटे त्यातून वाफा निघताना दिसतात. पंप लावून थेट तेच काढा आणि पाणचुलीवर हंडा चढवा. जळण बरंच वाचेल. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी पहाटेची आंघोळ आणि पहाटेचं फिरणं दोन्ही ऊन वर येईपर्यंत लांबवावं, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो.

दुचाकीवर पहाटे एसटी गाठायची असेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या सरकवा. वारा आत येत नाही. पोचलात की काढून टाका, दहा वाजता घाम फुटणारच आहे. नदीकाठी आणि घाटात धुकं असलं तर दिवा खालच्या झोतावर ठेवा.

पोटाला

कुळथाची पिठी आणि भात, नाचणीची भाकरी, गवती चहा आणि आलं. यावर कोकणी माणसाला शिकवायला नको.

पोपटीबद्दल, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांबद्दल, मात्र बोलायलाच हवं. पेण-अलिबागकडे शेतात दंवावर वाल पोसतो आणि शेंगा भरल्या की मडकी बाहेर निघतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डी या रानझुडपाचा पाला दाबा, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मध्ये बटाटे, कांदे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवा आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ अर्धा तास करा. पाणी नाही, तेल नाही. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला आणि तो चर्रकन उडाला की काढायचं. तोवर सगळ्यांची शेकोटीही झालेली असते.

आणि आवरायचं कधी? शिमग्याच्या सुमारास सकाळी सातला बाटली हलवा. तेल डुचमळलं तर गोधड्या धुऊन दोन उन्हं द्या आणि कडुलिंबाचा सुका पाला घालून ट्रंकेत ठेवा. थिजलेलं असलं तर अजून आठवडाभर थांबा.