बाप गेला तरी पोर चालू राहावं म्हणून

लाईट गेली, राउटर बंद पडला आणि रिमोट सर्व्हरवर चार तास चाललेलं माझं डेटा मायग्रेशन मेलं. नोहप (टर्मिनल तुटलं तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारी कमांड) लावलं होतं, प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालावा म्हणून ओळीच्या शेवटी अँपरसँडही होतं. तरी मेलं, कारण आउटपुट समोर दिसावं म्हणून मी ते पाइपनं टी कमांडला (आलेला मजकूर पडद्यावरही दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते ती) जोडलं होतं. नोहप फक्त माझ्या प्रोग्रॅमला टर्मिनल तुटल्यावर येणाऱ्या हँगअप सिग्नलपासून वाचवत होतं. टी उघड्यावरच होती. कनेक्शन तुटल्यावर ती मेली आणि प्रोग्रॅमनं पुढची ओळ लिहायला घेताच त्याला सिगपाइप आला, म्हणजे वाचणारं कुणी नसलेल्या पाइपमध्ये लिहिणाऱ्याला मारणारा सिग्नल.

युनिक्समध्ये एका प्रोसेसनं (चालू प्रोग्रॅमनं) दुसरी सुरू केली की पहिली बाप, दुसरी पोर; पण बाप मेला म्हणून पोर मरत नाही. अनाथ पोराला बहुधा एक नंबरची प्रोसेस दत्तक घेते. पोराला मारतं ते टर्मिनल, नाहीतर वारशात आलेले उघडे फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइल, पाइप किंवा सॉकेटचे नंबर). हे दोन्ही आपण हातानं तोडायचे.

सीमध्ये मी असं करते. आधी फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत काढून पोर जन्माला घालणं. मग पोरात सेटसिड: नवं सेशन (प्रोसेसचा स्वतंत्र समूह), टर्मिनल सुटलं. थेट सेटसिड का नाही? शेलमधून सुरू केलेला प्रोग्रॅम बहुतेकदा प्रोसेस ग्रुपचा लीडर असतो आणि लीडरला सेटसिड नकार देतं. त्यानंतर दुसरा फोर्क, त्यातून नातू. सेशन लीडरनं चुकून एखादं टर्मिनल उघडलं तर तेच पुन्हा त्याच्या गळ्यात पडू शकतं; नातू लीडर नसल्यामुळे सुटतो. मधल्या पोरानं अंडरस्कोर-एक्झिटनंच बाहेर पडावं, साध्या एक्झिटनं नाही. नाहीतर वारशात आलेल्या बफरमधला, अजून लिहायचा राहिलेला मजकूर दोनदा छापला जातो. मूळ बापानं वेटपिड करून या मधल्याला आवरावं, म्हणजे झाँबी (मेली तरी यादीत उरलेली प्रोसेस) उरत नाही.

नातवानं रूट डिरेक्टरीत जावं, नाहीतर तो उभा असलेली डिस्क अनमाउंट होत नाही.

खरी काळजी डिस्क्रिप्टरची. ०, १, २ (इनपुट, आउटपुट, एरर) नुसते बंद करू नका! पुढे उघडलेल्या फाइलला तेच नंबर मिळतात आणि कुठला तरी विसरलेला प्रिंटएफ तुमच्या डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहून बसतो. डुप२ वापरून ते डेव्ह-नल (लिहिलेलं सगळं गिळणारी फाइल) किंवा लॉग फाइलकडे वळवा. २ च्या वरचे सगळे बंद करा, फक्त खाली सांगितलेला पाइप सोडून. लिसनिंग सॉकेट (पोर्टवर कनेक्शनची वाट पाहणारं) नातवाकडे राहिलं, तर बाप रीस्टार्ट केल्यावर पोर्ट आधीच वापरात असल्याची एरर येते आणि दोष कुठे आहे ते सहज सापडत नाही.

एक्झेक (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवणं) जमलं की नाही, हे बापाला कळवायला मी क्लोज-ऑन-एक्झेक लावलेला पाइप ठेवते. बापानं आपल्याकडचं लिहिण्याचं टोक आधी बंद करायचं. एक्झेक जमलं तर नातवाकडचं टोक आपोआप बंद होतं आणि बापाला फाइलचा शेवट मिळतो; फसलं तर नातू एररनंबर लिहून पाठवतो.

सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिसमधून सुरू करत असाल तर एवढं पुरत नाही. सर्व्हिस थांबवली की सिस्टमडी डीफॉल्टनं तिच्या सीग्रुपमधल्या (कर्नलनं एकत्र बांधलेल्या गटातल्या) सगळ्या प्रोसेस मारतं, आणि दोनदा फोर्क करून सीग्रुप बदलत नाही. तिथे सिस्टमडी-रननं वेगळं युनिट काढा.

शेवटी पीएस चालवून पीपीआयडी (बापाचा नंबर), एसआयडी (सेशनचा नंबर) आणि टीटीवाय (टर्मिनल) हे कॉलम पाहा. टीटीवायखाली प्रश्नचिन्ह दिसलं की टर्मिनल सुटलं. मग प्रॉक-फोल्डरमध्ये त्या प्रोसेसचं एफडी उघडून एकेक डिस्क्रिप्टर कुठे जातो तेही बघा. त्या दिवशी मी एवढं बघितलं असतं, तर टीकडे जाणारा पाइप तिथेच दिसला असता.