टागालोगचे शब्द तोडताना या चुका टाळा

फिलिपिन्समधील भाषांचा, विशेषतः टागालोगचा, ध्वनिविचार आणि रूपविचार शिकू पाहणारे बहुतेक नवखे छापील मजकूर समोर ठेवून थेट धातू आणि प्रत्यय सुटे करायला बसतात. नेहमीच्या छपाईत आघात दाखवला जात नाही; कंठद्वारीय स्पर्श, म्हणजे गळ्यात श्वास क्षणभर अडवून सोडल्याने होणारे व्यंजन, शब्दाच्या आरंभी व अंती लिहिलेच जात नाही. त्यामुळे पुढचे सारे घोटाळे पहिल्याच दिवशी पेरले जातात.

एका विद्यार्थ्याने ‘बासा’ अशी एकच नोंद करून तिला ‘वाचणे’ आणि ‘ओले’ असे दोन अर्थ दिले होते. ‘-इन्’ लागल्यावर त्याला ‘बासाहिन्’ (वाच) आणि ‘बासाइन्’ (ओले कर) अशी दोन रूपे मिळाली, तेव्हा त्याने हकाराच्या वैकल्पिक लोपाचा नियम रचला आणि तो टिकवण्यासाठी आणखी दोन उपनियम जोडले. पहिल्या वाचनात मीही त्याला मान डोलावली, हे कबूल करायला हवे. प्रत्यक्षात हे दोन वेगळे धातू आहेत. ‘वाचणे’ या धातूत आघात पहिल्या अक्षरावर असून शेवट स्वराने होतो, तर ‘ओले’ या अर्थाच्या धातूत आघात दुसऱ्या अक्षरावर असून शेवटी कंठद्वारीय स्पर्श आहे. स्वरान्त धातूपुढे प्रत्ययाआधी हकार येतो, स्पर्शान्त धातूपुढे येत नाही. मी कोणताही धातू ‘-इन्’ किंवा ‘-आन्’ लावून भाषकाकडून वदवून घेतल्याशिवाय कार्डावर उतरवत नाही, म्हणजे असे दोन धातू आपोआप वेगळे पडतात. यात वेळ जातो, अशी तक्रार असते. पण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेले टागालोगचे वर्णनही एका भाषकाच्या तोंडून कथा ऐकूनच सिद्ध झाले होते.

दुसरी चूक ‘-उम्-’ या प्रत्ययाची. ‘सुलात’चे (लिहिणे) ‘सुमुलात’ होते आणि ‘आलिस्’चे (निघणे) ‘उमालिस्’, म्हणून व्यंजनापुढे मध्यप्रत्यय (शब्दाच्या आत शिरणारा प्रत्यय) आणि स्वरापुढे उपसर्ग, असे दोन नियम सांगितले जातात. वास्तविक ‘आलिस्’ कंठद्वारीय स्पर्शाने सुरू होतो आणि ‘-उम्-’ दोन्हीकडे पहिल्या व्यंजनानंतरच शिरतो. हा स्पर्श काल्पनिक वाटत असेल, तर ‘माग्-आलिस्’ (काढून टाकणे) मधील जोडरेघ गाळून पाहावी: उरतो तो ‘मागालिस्’, म्हणजे खरजेने भरलेला.

‘सुमुसुलात’मधील दुहेरी ‘सु’ क्रियेची अपूर्णता दाखवतो, अनेकवचन नव्हे. फिलिपिन्समधल्याच इलोकानो भाषेत मात्र ‘काल्डिङ’ (बोकड) पासून द्विरुक्तीनेच ‘काल्काल्डिङ’ हे अनेकवचन होते. ‘मा-’ लागून ‘दामी’चे (विपुलता) दकाराचा रकार होऊन ‘मारामी’ (पुष्कळ) झाले, म्हणून ‘मादाली’ला (सोपे) ‘माराली’ करू नये. शब्दारंभीचा ङकार मराठीत नसल्याने आपले विद्यार्थी ‘ङायोन्’चे (आता) ‘न्गायोन्’ करतात आणि एका स्वनिमाचे (अर्थभेद करणाऱ्या ध्वनीचे) दोन मोजतात.

‘मामिली’ पाहून धातू ओळखण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा. ‘माङ्-’ हा उपसर्ग लागताच धातूचे आद्य व्यंजन त्याच स्थानाच्या अनुनासिकात विरते, त्यामुळे ‘बिली’ (विकत घेणे) आणि ‘पिली’ (निवडणे) यांची रूपे कागदावर एकच दिसतात. ‘सुलात’वरून आलेल्या ‘मानुनुलात’मध्ये (लेखक) तर द्विरुक्त अक्षरासकट दोन्ही सकार नकार झालेले असतात; तिथे डावीकडून प्रत्यय खरवडत येणाऱ्याच्या हाती ‘नुलात’ असा भाषेत नसलेला धातू लागतो.